मंडळीत राहावे की बाहेर पडावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला एक प्रश्न विचारला. उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. ते मी दिले नाही, आणि का दिले नाही हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्या नवदीक्षित कुटुंबांतही हा प्रश्न या ना त्या रूपाने येतोच, म्हणून तो चार लोकांपुढे ठेवणे बरे.

सर ख्रिस्ती आहेत. पाचवीत त्यांनीच मला इंग्रजीची मुळाक्षरे शिकवली. आज मी त्याच शाळेत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सरांच्या घरी मात्र तीन पिढ्या शिक्षक. याचे कारण मिशन. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले आणि पुढे जिल्ह्यातील महारवाड्यांत व मांगवाड्यांत शाळा काढल्या. ज्या काळी गावच्या शाळेत आपल्या मुलांना ओट्याखाली बसवत, त्या काळी या शाळांनी पाटी हातात दिली. सरांचे पणजोबा मांगवाड्यातले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अक्षर घेतले, आणि त्या अक्षराचा एक तुकडा चौथ्या पिढीत माझ्यापर्यंत पोचला. हे ऋण मी विसरत नाही.

सरांची मुलगी परिचारिका आहे. त्यांच्याच मंडळीतील एका मुलाशी तिचे लग्न ठरत होते. मुलगा-मुलगी राजी. मग मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी विचारले, "तुमचे मूळचे कोण?" दोन्ही घरे शंभर वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती. दोघांची नावे एकाच मंडळीच्या वहीत, दोन्ही घरे एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी. तरी विचारले. आणि उत्तर ऐकल्यावर बोलणी थांबली. सर पाळकांकडे गेले. पाळक भले गृहस्थ आहेत, ते म्हणाले, "सर, हा घरगुती मामला. समाजाचं पण बघावं लागतं." सर म्हणाले, मी चाळीस वर्षे त्या मंडळीत बसलो, दशांश दिला, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवले, समाज म्हणजे मी सोडून बाकीचे, हे मला त्या दिवशी कळले.

मग त्यांनी मला विचारले, "तुझ्या आजोबांनी घर सोडलं. तू सांग, मी सोडू का?"

माझे तयार उत्तर कोणते, हे वाचकांना सांगायला नको. "सर, या आमच्याकडे. विहार तुमचाच आहे." पण ज्या मुलाकडच्यांनी "मूळचे कोण" विचारले, त्यांचे पणजोबा महारवाड्यातले होते, म्हणजे माझ्याच वाड्यातले. सरांना ते ठाऊक होते, मलाही होते. म्हणून शब्द घशातच राहिले.

आता प्रश्नाकडे वळू. जी धर्मसंस्था तोंडाने एक सांगते आणि हाताने दुसरे करते, तिच्यात माणसाने राहावे की नाही?

पुष्कळ बांधव झटकन म्हणतील, बाबासाहेबांनी सोडले, प्रश्न मिटला. पण बाबासाहेबांनी कसे सोडले ते पाहा. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; तो काही वर्षे चालला. म्हणजे आधी दार ठोठावले. पाणी मागितले, दर्शन मागितले, आणि त्या मागणीने दाराआड काय आहे ते सगळ्या जगाला दाखवले. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा झाली. आणि घोषणेनंतर दीक्षेपर्यंत? १४ ऑक्टोबर १९५६. एकवीस वर्षे! ज्या महापुरुषाच्या एका शब्दावर लाखो लोक उभे होते, त्याने एकवीस वर्षे विचार केला, ग्रंथ चाळले, धर्माधर्मांची तुलना केली. आणि आम्ही शेजाऱ्याला चहाच्या कपाबरोबर धर्मांतराचा सल्ला देतो.

शिवाय सरांची अडचण आपल्याहून वेगळी आहे. आपल्याला ज्या घरात अपमान भोगावा लागला, त्या घराच्या पोथीतच तो अपमान लिहिलेला होता. पोथी पाळणारा आपल्याला लाथाडत होता. न पाळणारा एखादा भला माणूस जवळ घेत होता. सरांच्या बाबतीत उलटे आहे. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे की ख्रिस्ताच्या ठायी यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. शास्त्र सरांच्या बाजूला, मंडळी विरुद्ध बाजूला. अशा माणसाला "बाहेर ये" म्हणणे सोपे नाही. तो म्हणेल, घर माझे आहे, घुसखोर ते आहेत. मी का जाऊ? (अर्थात ग्रंथावरही सगळा भार टाकता येत नाही. त्याच पौलाच्या दुसऱ्या पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असेही आहे, आणि अमेरिकेतले गुलामांचे मालक नेमके तेवढेच वाचून दाखवीत.)

अमेरिकेचे नाव निघाले तर तिथलीच एक हकीकत सांगतो. दलित पँथरने १९७२ साली तिथल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले हे आपल्याला पाठ असते. पण त्याच्या पावणेदोनशे-दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आपल्या सभांत मी कधी ऐकली नाही.

फिलाडेल्फिया शहरात सेंट जॉर्ज नावाचे मेथडिस्ट चर्च होते. गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही तिथे उपासनेला जात. चर्चची गॅलरी बांधण्यासाठी, नवी फरशी घालण्यासाठी कृष्णवर्णीयांनीही वर्गणी दिली होती. काम पुरे झाल्यावर त्यांना सांगण्यात आले की तुम्ही आता वर गॅलरीत बसायचे. हे १७८७ चे म्हणतात. काही इतिहासकार १७९२ मानतात. एका रविवारी प्रार्थना चालू असताना अ‍ॅब्सलम जोन्स नावाचा गृहस्थ गुडघे टेकून बसला होता. चर्चच्या विश्वस्तांपैकी एक जण आला आणि त्याला धरून उठवू लागला. जोन्स म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. तो थांबला नाही. प्रार्थना संपली तेव्हा सगळे कृष्णवर्णीय एकदम उठले आणि एका जथ्याने बाहेर पडले. त्यांत रिचर्ड अ‍ॅलन होता. जन्माने गुलाम, स्वतःच्या मेहनतीचे पैसे मोजून मोकळा झालेला.

पुढे काय केले त्यांनी? इथे माझे मन नेहमी अडते. दोघांनी दोन वाटा धरल्या. जोन्सने मेथडिस्ट पंथ सोडला आणि आपले लोक घेऊन तो एपिस्कोपल चर्चकडे गेला. त्यांनी घेतले, पण त्यांच्या प्रांतिक सभेत तुम्हाला जागा नाही या अटीवर. ती अट सुमारे सत्तर वर्षे टिकली. म्हणजे एका घरात गॅलरी, दुसऱ्या घरात उंबरा. अ‍ॅलनने मात्र पंथ सोडला नाही. त्याचे म्हणणे असे की मेथडिस्टांची साधी, रोखठोक शिकवण आमच्या लोकांना समजते, त्यांच्या उपयोगी पडते; शिकवणीत खोट नाही, खोट या माणसांत आहे. त्याने लोहाराचे एक जुने दुकान विकत घेतले, घोडे जुंपून ते स्वतःच्या जागेवर ओढत आणले आणि १७९४ साली तिथे बेथेल चर्च उघडले. इमारत सोडली, शिकवण ठेवली.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. कागदपत्रे अशी झाली होती की बेथेलच्या मालमत्तेवर गोऱ्या मेथडिस्टांचा हक्क सांगता येत होता. माणसे बाहेर पडली, जमीन अडकून राहिली. अनेक वर्षे भांडण चालले. एकदा तर चर्च लिलावात निघाले आणि अ‍ॅलनला स्वतःचेच चर्च दहा हजारांहून अधिक डॉलर देऊन सोडवावे लागले. १८१६ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी अनेक गावच्या कृष्णवर्णीय मंडळ्या मिळून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. चर्चमधून उठायला एक क्षण पुरला. खरोखर मोकळे व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

सरांनी ही हकीकत शांतपणे ऐकली आणि विचारले, "आणि आमची दफनभूमी?" त्यांचे आईवडील, एक लहान मूल, सगळे मंडळीच्या दफनभूमीत आहेत. मंडळी सोडली तर त्यांची स्वतःची माती कुठे? हा प्रश्न वेडगळ नाही. ज्यांच्या गावात मसणवट्यावरून आजही वाद होतात त्यांना तो समजेल.

बाहेर पडणे हे आपोआप पुण्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना हुकूम काढला की जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा. तेव्हा तंजावरकडचे पुष्कळ ख्रिस्ती चर्च सोडून गेले. कोण गेले? जात सोडायची नव्हती ते! त्यांचीही तक्रार हीच होती की चर्च आता आमच्या मूल्यांचे राहिले नाही. शब्द तेच. म्हणून "माझी मूल्ये जुळत नाहीत" एवढ्या वाक्यावर कोणाची पाठ थोपटू नये. कोणती मूल्ये, हे विचारावे. आणि त्या हुकमाने जात गेली का? १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बाबासाहेबांनी दक्षिणेकडील चर्चमधला जातिभेद त्यांच्या तोंडावर बोलून दाखवला. शंभर वर्षे उलटली होती. आणखी अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये भेदभाव आहे हे लेखी मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. कोणी म्हणेल, उशीर. मीही म्हणतो. पण जी संस्था आपले पाप लिहून काढते आणि जी "घरगुती मामला" म्हणते, त्या दोन संस्था सारख्या नाहीत. पहिलीत भांडायला जमीन आहे.

आपल्या महाराष्ट्रातही मंडळीत राहून मंडळीशी न पटलेले लोक झाले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान देण्यासाठी नव्हे, असे त्यांनी ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या जोगिणींनाच ऐकवले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला. दोघांनी ख्रिस्त सोडला नाही, दोघांनी मान तुकवली नाही. अर्थात दोघे ब्राह्मण घरातून आलेले, विद्येचे बळ पाठीशी असलेले. मांगवाड्यातल्या शिक्षकाला तसे ताठ उभे राहणे किती महाग पडते याचा हिशेब त्यांच्या चरित्रातून निघत नाही.

मग भगवान बुद्ध काय सांगतात? मज्झिम निकायात उपाली गृहपतीची कथा आहे. उपाली नालंदेचा धनाढ्य, निगंठ नातपुत्ताचा शिष्य. बुद्धाशी वाद करून जिंकायला आला आणि स्वतःच जिंकला गेला. म्हणाला, मला उपासक करून घ्या. आपण असतो तर काय केले असते? बुद्ध म्हणाले, गृहपती, नीट विचार कर. तुझ्यासारख्या नामवंत माणसाने विचार करूनच पाऊल टाकावे. उपाली चकित झाला. म्हणाला, दुसऱ्या कोणाला माझ्यासारखा शिष्य मिळाला असता तर उपाली आमचा झाला म्हणून त्यांनी नालंदाभर पताका मिरवली असती! तो पुन्हा शरण आला. तेव्हा बुद्धांनी आणखी एक गोष्ट सांगितली: तुझे घर निगंठांसाठी बरीच वर्षे पाणपोईसारखे आहे, ते दाराशी आले तर त्यांना भिक्षा द्यायची हे लक्षात ठेव. जुने घर सोडताना त्याच्याशी वैर धर, असे नाही म्हटले. मला ही कथा फार मोठी वाटते. आपल्या सभांत ती कमी सांगितली जाते, कारण आपल्याला पताका आवडते.

दुसरी कथा कोसंबीची. तिथले भिक्षू एका क्षुल्लक कारणावरून, शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून, दोन तटांत भांडू लागले. बुद्धांनी समजावले. ऐकेनात. तेव्हा खुद्द बुद्ध आपला संघ सोडून एकटे पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले! ज्यांना वाटते की आपल्या माणसांतून उठून जाणे म्हणजे द्रोह, त्यांनी हे वाचावे. पण त्या भिक्षूंना वठणीवर आणले कोणी? कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी गाव सोडले नाही, धम्म सोडला नाही. फक्त भिक्षा बंद केली, नमस्कार बंद केला. मग भिक्षू सावत्थीला जाऊन वाद मिटवून आले. राहणे आणि जाणे यांच्या मधे ही तिसरी वाट आहे, आणि साध्या संसारी माणसाला ती परवडते. संस्था आपल्या नावावर, आपल्या वर्गणीवर, आपल्या मुलांच्या हजेरीवर उभी असते. यातले काय द्यायचे आणि काय रोखायचे, हे आपल्या हातात असते.

एवढे सगळे मी सरांना एका दिवसात सांगितले नाही. मधल्या सुट्टीत, बसस्टँडवर, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे बांधताना, असे दोन महिने चालले. एके दिवशी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मला त्याची भीतीच होती.

"समजा तुमच्या विहारात आलो. तुम्ही विचाराल का, मूळचे कोण?"

इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला एक स्थळ आले. मुलगा बँकेत, निर्व्यसनी; वडील वर्षावासात नेमाने ग्रंथवाचन करणारे. घर बौद्ध, पूर्वाश्रमीचे मातंग. आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चर्चा झाली. "मूळचे कोण" असे कोणी म्हटले नाही. आपण शहाणे झालो आहोत. कोणी म्हणाले गाव लांब पडते, कोणी म्हणाले मुलाची उंची कमी. चुलत्यांनी बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवाव्यात अशा खणखणीत आवाजात सांगितले की रीतिभाती जुळत नाहीत. मी बी.ए., बी.एड., शाळेत समतेचे धडे देणारा. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो आणि बोलणे संपेपर्यंत बाहेर आलो नाही. नकार गेला. माझे आजोबा अंगावरचे पांढरे कपडे आणि शिदोरीचे गाठोडे घेऊन नागपूरला गेले होते. ते त्या दिवशी हयात नव्हते, हे बरे म्हणावे की वाईट, मला ठरवता येत नाही.

सरांना मी हे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पाळकाच्या जागी तू होतास तर तूही तेच म्हणाला असतास." मी म्हटले, "मी तर तेवढेही बोललो नाही, सर."

काही बांधवांना हे छापलेले आवडणार नाही. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला, असे म्हणतील. पण नवदीक्षित कुटुंबे हे पाक्षिक वाचतात. त्यांना जर वाटले की दीक्षेच्या दिवशी जात कात टाकल्यासारखी गळून पडते, तर पहिल्याच सोयरिकीला त्यांचा भ्रमनिरास होईल आणि त्यांच्यापुढेही सरांचाच प्रश्न उभा राहील. आपल्या धम्मात आणि आपल्या वागण्यात जे अंतर आहे ते मोजायला आपणच बसलो तर बरे. नाहीतर बाहेरचा कोणी येऊन मोजतो.

आणखी एक गोष्ट सर बोलले नाहीत, मीच काढली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. तेव्हा सर आमच्याकडे आले तर लोक म्हणतील, दाखल्यासाठी आले. सर हसले. म्हणाले, "दोन वर्षांत निवृत्त होतोय, दाखला काय पेटीत ठेवू?" पण मुलीचे काय, हे दोघांच्याही मनात आले असावे. आपल्या आधीच्या पिढीने दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलती चौतीस वर्षे गमावल्या. कागदावर "हिंदू महार" लिहायचे की "बौद्ध", यावरून किती घरांत रात्री भांडणे झाली! पोटाचा आणि सद्सद्विवेकाचा झगडा काय असतो हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मंडळीत राहणाऱ्याला लाचार आणि सोडणाऱ्याला लोभी म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

सरांनी शेवटी काय केले? मंडळी सोडली नाही. पंचायतीला एक पत्र लिहिले. मुलीच्या लग्नाविषयी त्यात अक्षर नव्हते. मंडळीत सोयरीक जुळवताना मूळची जात विचारली जाते की नाही, आणि जात असेल तर ते पाप आहे की घरगुती मामला आहे, याचा निर्णय उपासनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, एवढीच मागणी. तोपर्यंत दशांश बंद. रविवारच्या शाळेतले शिकवणेही बंद. "मुलांना जे शिकवायचं ते मोठे मोडतात, मग मी खोटा ठरतो," असे त्यांनी लिहिले. मागच्या बाकावर बसायला मात्र दर रविवारी जातात. पत्राला चार महिने झाले, उत्तर नाही. पण मंडळीतल्या आणखी दोन घरांनी दशांश थांबवला आहे, आणि त्यांतले एक घर त्यांच्या वाड्यातले नाही, हे सरांनी मला दोनदा सांगितले.

किती दिवस वाट पाहणार, असे मी विचारले. म्हणाले, नात होईपर्यंत. तिला त्या बाकावर बसवायचे की नाही ते तेव्हा ठरवीन.

माझ्या बहिणीचे लग्न अजून ठरलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला प्रथमच विचारले की त्या वेळी तुझे काय मत होते. ती म्हणाली, "दादा, मला कोणी विचारलंच नव्हतं." त्या मुलाचे लग्न दोन वर्षांपूर्वीच झाले. मी त्याच्या वडिलांना पत्र लिहिले. त्यात उंची आणि गावाचे अंतर यांच्याबद्दल जे खोटे सांगितले गेले ते खोटे होते, एवढे कबूल केले. चुलत्यांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे.

येत्या पौर्णिमेला सर आमच्या विहारात यायचे म्हणतात. ऐकायला येणार, दुसऱ्या कशाला नाही, असे त्यांनी बजावले आहे. आमच्या समितीतल्या एका कार्यकर्त्याने ते ऐकले आणि लगेच विचारले, "मग दीक्षेचा कार्यक्रम केव्हा ठेवायचा? बॅनर करायला टाकू का?" मी त्याला चहाची व्यवस्था बघायला सांगितली.